युरोपात अ‍ॅप बनवणाऱ्यांचं खरं दुखणं कोणतं?

मुळशीकर
मंडळी, हा धागा काढायला निमित्त झालं परवाच्या एका गप्पांचं. पुण्याच्या मित्रांच्या ग्रुपवर विषय निघाला आणि नेहमीचं वाक्य आलंच, 'अमेरिका अ‍ॅप बनवते, चीन त्याची नक्कल करतो आणि युरोप नियम बनवतो.' मी बर्लिनमध्ये बरीच वर्षं मोबाईलवरच काम करतोय आणि हे वाक्य मला आता खटकतं.

अँग्री बर्ड्स २००९ च्या डिसेंबरात फिनलंडच्या एस्पोमधून आलं. क्लॅश ऑफ क्लॅन्स हेलसिंकीतलं. कँडी क्रश बनवणारी किंग ही कंपनी स्टॉकहोममध्ये सुरू झाली, स्पॉटिफायही तिथलीच. गाणं ओळखणारं शझाम लंडनचं. टॅक्सीवाली बोल्ट एस्टोनियातल्या टॅलिनची, गाडीत सोबती शोधून देणारी ब्लाब्लाकार फ्रान्सची, वापरलेले कपडे विकायची विंटेड लिथुआनियाची. आपण अँड्रॉइडसाठी ज्या कोटलिनमध्ये कोड लिहितो ती भाषा जेटब्रेन्सची, आणि ती कंपनी प्रागमध्ये सुरू झाली. अँड्रॉइड स्टुडिओसुद्धा त्यांच्याच इंटेलिजे या कोड लिहायच्या साधनावर उभा आहे. तेव्हा इथे बनवता येत नाही, हे म्हणणं मला मान्य नाही.

माझं मत असं, की नियमांचा बाऊ फार होतो. खरी अडचण आहे ती तुकड्यांची. कागदावर बाजार एक, पण प्रत्यक्षात २७ देश, २४ अधिकृत भाषा, पैसे देण्याच्या पद्धती वेगळ्या, कर वेगळा. अमेरिकेत पहिल्या दिवशी जेवढे ग्राहक मिळतात, तेवढे इथे मिळवायला तेच अ‍ॅप पुन्हापुन्हा सुरू करावं लागतं. आणि एवढं करून कंपनी मोठी झाली की विकली जाते.

जे युरोपात आहेत किंवा तिकडच्या ग्राहकांसाठी काम करतात, त्यांनी आपापला अनुभव लिहा. तुमचा वेळ आणि पैसा नक्की कुठे जातो?

रोखठोक
नियमांतच जातो. मी पुण्यात बसून जर्मन आणि डच ग्राहकांची कामं सांभाळतो. २५ मे २०१८ ला जीडीपीआर, म्हणजे युरोपचा खासगी माहितीचा कायदा, लागू झाला त्याच्या आधीचे काही महिने आमच्या टीमनं एकही नवी सोय बनवली नाही. संमतीचे पडदे, माहिती पुसण्याची सोय, माहिती उतरवून घेण्याची सोय, कुठला एसडीके (बाहेरून घेतलेला तयार कोड) कुठे काय पाठवतो याचे तक्ते, एवढंच केलं. दंड जगभरातल्या उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत, त्यामुळे कुणी धोका पत्करत नाही.

त्यानंतर डीएसए (ऑनलाईन सेवांचा कायदा), डीएमए (मोठ्या टेक कंपन्यांना लगाम घालणारा), मग अपंगांसाठीचा अ‍ॅक्सेसिबिलिटी कायदा, आता एआय कायदा. मेटाचं थ्रेड्स जुलै २०२३ मध्ये जगात आलं, युरोपीय संघात डिसेंबरात. अ‍ॅपल इंटेलिजन्स (त्यांची एआय सोय) तिकडच्या आयफोनवर अमेरिकेनंतर पाचेक महिन्यांनी पोचलं. मोठ्या कंपन्या वकील ठेवतात, चार जणांची कंपनी काय करणार? याला बाऊ म्हणू नका साहेब.

लाल_डबा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

ओवी
मी एस्पोत राहते, म्हणून फिनलंडचं थोडं लिहिते, कारण 'वाढ' कशी झाली ते इथे जवळून दिसतं.

इथे अ‍ॅप स्टोअरच्या कितीतरी आधीपासून मोबाईलवर प्रोग्राम लिहिणारी माणसं होती. नोकियाच्या ६११० वर १९९७ मध्ये साप आला, तो आपल्यातल्या प्रत्येकानं खेळलाय. नंतर सिम्बियन, जावा एमई या जुन्या फोनांच्या प्रणाली, दर फोनचा पडदा वेगळा, बटणं वेगळी, एकच खेळ असंख्य फोनांसाठी बसवायचा. रोवियोची मंडळी त्याच तालमीत तयार झाली. अँग्री बर्ड्स हा त्यांचा पहिला नव्हे, ५२ वा खेळ होता हे फार जणांना ठाऊक नसतं.

फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियानं मायक्रोसॉफ्टचा हात धरला आणि हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. माझ्या शेजारचे एक गृहस्थ त्यातलेच. पण कंपनीनं 'ब्रिज' नावाची योजना काढली होती. ज्याला स्वतःचं काही सुरू करायचंय त्याला माणशी २५ हजार युरोपर्यंत मदत मिळायची. त्यातून अनेक छोट्या कंपन्या निघाल्या. शिवाय टेकेस ही सरकारी संस्था होती, ती अशा कंपन्यांना कर्ज द्यायची. क्लॅश ऑफ क्लॅन्सवाल्या सुपरसेललाही सुरुवातीला तिनं कर्ज दिलं होतं. २०१० मध्ये सुरू झालेल्या त्या कंपनीचा मोठा हिस्सा २०१६ मध्ये चीनच्या टेन्सेंटनं घेतला तेव्हा रक्कम होती सुमारे ८६० कोटी डॉलर.

म्हणून मला वाटतं, सरकार म्हणजे फक्त नियम असं धरून चालू नये. वेळेवर मिळालेले पैसे आणि नोकरी गेली तरी घरचं आजारपण, मुलांची शाळा अडत नाही हा दिलासा, यांनीही इथे अ‍ॅप्स घडवली आहेत.

टेस्टर_ताई
मुळशीकर, तुकड्यांबद्दल +१. मी पुण्यातून युरोपसाठी टेस्टिंग करते. जर्मन शब्द बटणाबाहेर जातो हे सगळ्यांना माहीत असतं, तेवढं डिझायनर सांभाळतात. खरे घोळ आकड्यांत असतात.

एका ग्राहक कंपनीच्या अ‍ॅपमध्ये (नाव नको) रक्कम टाकायची चौकट होती. जर्मन सेटिंगच्या फोनवर आकड्यांच्या कळफलकावर टिंब नसतंच, स्वल्पविराम असतो. वापरणारा टाकतो १२,५०. आतला कोड टिंबाची वाट बघत बसलेला, त्यानं स्वल्पविराम हजाराचा समजून फेकून दिला आणि रक्कम झाली १२५०. पुढच्या पडद्यावर 'पाठवायचे का?' आम्ही ते बाजारात जायच्या आत पकडलं. पण इंग्रजी फोनवर कितीही वेळा तपासलं असतं तरी ते सापडलं नसतं. उलटंही होतं, जर्मनीत १.२९९ म्हणजे एक हजार दोनशे नव्व्याण्णव. सीमा ओलांडून स्वित्झर्लंडला गेलात की तेच १'२९९.

पोलिशमध्ये तर अनेकवचनांचे प्रकार आहेत. १ प्लिक, २ प्लिकी, ५ प्लिकुफ आणि २२ ला परत प्लिकी. ज्यांनी 'एक असेल तर हे, नाहीतर ते' एवढंच लिहिलंय त्यांचं अ‍ॅप पोलंडमध्ये पहिल्याच दिवशी परकं वाटतं. जर्मन लोक भेटीची तारीख ठरवताना 'आठवडा ३४' म्हणतात, म्हणून कॅलेंडरात आठवड्याचे क्रमांक हवेत, आणि आठवडा सोमवारीच सुरू व्हायला हवा.

यातलं काहीच कायद्यामुळे नाहीये. पण माझे महिने यातच जातात.

लाल_डबा
२२ ला परत प्लिकी?? पोलंडमधल्या शाळकरी पोरांना माझा साष्टांग नमस्कार.

सायकलस्वार
अ‍ॅमस्टरडॅमहून. टेस्टर_ताईंनी आकड्यांचं लिहिलं, मी पैशांचं लिहितो.

आम्ही घरपोच वस्तू विकणारं अ‍ॅप चालवतो. नेदरलँड्समध्ये आयडील (बँक खात्यातून थेट पैसे द्यायची सोय) नसेल तर ग्राहक टोपली भरतो आणि निघून जातो. अमेरिकेत क्रेडिट कार्ड गृहीत धरतात तसं इथे धरता येत नाही. शेजारी बेल्जियममध्ये बँकॉन्टॅक्ट. पोलंडमध्ये ब्लिक, तिथे बँकेच्या अ‍ॅपमध्ये सहा आकडी कोड येतो तो आपल्या अ‍ॅपमध्ये टाकायचा. स्वीडनमध्ये स्विश, डेन्मार्कमध्ये मोबाईलपे, नॉर्वेत विप्स, स्पेनमध्ये बिझुम, पोर्तुगालमध्ये एमबी वे. प्रत्येकाचा करार वेगळा, परताव्याची पद्धत वेगळी, तपासणी वेगळी. आणि सगळीकडे युरोसुद्धा नाही, पोलंडात झ्लॉटी, स्वीडनमध्ये क्रोना.

भारतात २०१६ पासून यूपीआय आहे. गावातला चहावाला आणि मुंबईतली विमान कंपनी दोघांना एकच क्यूआर पुरतो. मी इथल्या सहकाऱ्यांना हे सांगतो तेव्हा त्यांना खरंच नवल वाटतं. आता वेरो नावाची सामायिक सोय २०२४ मध्ये जर्मनी, फ्रान्स, बेल्जियममधून सुरू झाली आहे. ती सगळीकडे पोचली तर माझ्यासारख्यांचं निम्मं काम वाचेल.

रोखठोक, पैशांच्या बाबतीत एक नियम मात्र मला हवासा वाटतो. सप्टेंबर २०१९ पासून ऑनलाईन पैसे देताना दुहेरी ओळख पटवणं आलं. तेव्हा आम्ही कुरकुर केली, पण आता लबाडीच्या तक्रारी हाताळण्यात आमचा वेळ कमी जातो.

तांबडीमाती
नमस्कार. मी मूळची डिचोलीची, आता पोर्तुगालच्या पोर्तोत असते. एकटीच अ‍ॅप बनवते आणि विकते, सवयींची नोंद ठेवायचं छोटं अ‍ॅप आहे. त्यामुळे माझा हिशेब सगळ्यांपेक्षा लहान, पण स्वच्छ आहे.

अ‍ॅपची किंमत ४.९९ युरो. युरोपात दाखवलेल्या किमतीत कर धरलेला असतो. जर्मनीत १९ टक्के कर, तो काढला की उरतात ४.१९. त्यातून स्टोअरचे १५ टक्के (छोट्यांसाठी ३० चे १५ झाले ते अ‍ॅपलनं २०२१ च्या जानेवारीपासून आणि गूगलनं त्याच वर्षी जुलैपासून). हातात ३.५६. फिनलंडमध्ये कर २५.५ टक्के, तिथे हातात ३.३८. ओवी, तुमच्याकडून मला अठरा सेंट कमी मिळतात बरं का!

बरी गोष्ट अशी, की हा कर देशोदेशी भरायची कटकट स्टोअरच करतं. तेच मी माझ्या संकेतस्थळावर विकायला गेले तर मला बघावं लागेल. म्हणून स्टोअरच्या टक्क्यांना सगळे शिव्या देतात तेव्हा मी गप्प बसते. एकट्या माणसाला त्या टक्क्यांत काहीतरी मिळतं.

पण एका नियमानं मला खरंच त्रास झाला. डीएसएप्रमाणे पैसे कमावणाऱ्या प्रत्येकाला 'व्यापारी' म्हणून नोंद करावी लागते आणि पत्ता, फोन नंबर, ईमेल स्टोअरच्या पानावर सगळ्यांना दिसतात. १७ फेब्रुवारी २०२५ ला ज्यांनी माहिती दिली नव्हती त्यांची अ‍ॅप्स अ‍ॅपलनं युरोपीय संघातल्या स्टोअरवरून काढली. मी घरातून काम करते, एकटी राहते. माझा घरचा पत्ता अनोळखी माणसांना का दिसावा? मी टपालपेटी भाड्यानं घेतली आणि वेगळा नंबर घेतला. म्हणजे दर महिन्याचा नवा खर्च. हा नियम नकली माल विकणारे व्यापारी डोळ्यांसमोर ठेवून केलाय, माझ्यासारखी बाई डोळ्यांसमोर नव्हती.

रोखठोक
तांबडीमाती ताई, अगदी हेच म्हणतोय मी. मुळशीकर, उत्तर द्या आता.

मुळशीकर
देतो. तांबडीमाती यांचं म्हणणं पूर्णपणे बरोबर आहे. ग्राहकाला तक्रार करायला पत्ता हवा, पण एकट्यानं काम करणाऱ्याला संरक्षण हवं होतं. ते कायद्यातच करता आलं असतं.

मात्र रोखठोक, तुम्ही जीडीपीआरबद्दल म्हणालात त्यातही तुकडेच आहेत बघा. मूल स्वतःच्या माहितीसाठी कोणत्या वयात संमती देऊ शकतं? नियम एक, पण वय प्रत्येक देशावर सोडलं. जर्मनीत १६, फ्रान्समध्ये १५, स्पेनमध्ये १४, बेल्जियममध्ये १३. लहान मुलांचं अ‍ॅप बनवणाऱ्यानं काय करायचं? कायदा जास्त झाला म्हणून हा त्रास झाला नाही, तो अर्धवट एक झाला म्हणून झाला. एकच वय ठरवलं असतं तर कुणाची तक्रार नव्हती.

कृष्णाकाठ
मी डॉक्टर आहे, मूळ सांगली, सध्या हॅनोव्हर. तुमच्या चर्चेत एक वेगळी बाजू टाकतो, कारण नियमानं बाजार तयार केल्याचं उदाहरण मी रोज वापरतो.

जर्मनीत २०१९ च्या शेवटी कायदा झाला आणि ऑक्टोबर २०२० पासून डॉक्टर चिठ्ठीवर अ‍ॅप लिहून देऊ शकतात. याला डिगा म्हणतात. पहिल्या दोनांत एक टिनिटससाठी होतं, म्हणजे कानात सतत आवाज येतो त्यासाठी, आणि दुसरं चिंताविकारासाठी. आता निद्रानाश, पाठदुखी, लठ्ठपणा अशी बरीच आहेत. मी चिठ्ठी देतो, रुग्ण ती विमा संस्थेकडे पाठवतो, तिथून कोड येतो, तो अ‍ॅपमध्ये टाकला की नव्वद दिवस सुरू. पैसे विमा भरतो. सरकारी विम्याचे इथे सात कोटींहून जास्त लोक आहेत, म्हणजे अ‍ॅप बनवणाऱ्याला केवढं दार उघडलं ते बघा.

अट अशी, की बॉनच्या औषध संस्थेकडे सुरक्षेचे कागद आणि उपयोग होतो याचा पुरावा द्यायचा. पुरावा अपुरा असेल तर वर्षभरासाठी तात्पुरती नोंद मिळते, तेवढ्यात अभ्यास पूर्ण करायचा. पहिल्या वर्षी किंमत कंपनी ठरवते, नंतर विमा संस्थांशी घासाघीस. काही अ‍ॅप्स पुरावा देता न आल्यानं यादीतून गेलीही. मला ते योग्यच वाटतं. निद्रानाशाच्या रुग्णाला मी अ‍ॅप देतो तेव्हा ते तपासलेलं आहे एवढं तरी माहीत असतं. स्टोअरवरच्या चांदण्यांवर मी औषध देऊ शकत नाही.

अडचण आहे ती कोडच्या वाटेवर. माझ्या एक पेशंट आजी चिठ्ठी घेऊन गेल्या, विम्याचं पत्र टपालानं आलं, त्यातला सोळा अक्षरी कोड त्यांना फोनवर टाकता येईना. शेवटी नातवानं रविवारी येऊन टाकला. अ‍ॅप डिजिटल, वाट मात्र कागदाची.

टेस्टर_ताई
डॉक्टर, तो कोड वाचून दाखवायची किंवा कॅमेऱ्यानं टिपायची सोय का नाही? अशा ठिकाणी सोळा अक्षरांची चौकट बघितली की माझा जीव कासावीस होतो.

कृष्णाकाठ
काही अ‍ॅप्सनी केली आहे, आणि इ-प्रिस्क्रिप्शन आलं की पत्राची भानगड जावी. पण त्या आजींना मिळालेल्या अ‍ॅपात नव्हती.

द्राक्षबाग
थोडं अवांतर विचारू का? मी नाशिकला शेवटच्या वर्षाला आहे. फ्लटर (मोबाईलसाठी कोड लिहायचं गूगलचं साधन) येतं, कोटलिन शिकतोय. युरोपात नोकरीसाठी काय करावं? काहीजण म्हणतात आता सगळं एआयच लिहिणार, अ‍ॅप शिकूच नको.

मुळशीकर
द्राक्षबाग, अवांतर नाही, हा प्रश्न धाग्याचाच आहे. कोटलिन नीट शिक. कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म नोव्हेंबर २०२३ पासून स्थिर झालंय, इथल्या बऱ्याच टीम अँड्रॉइड आणि आयओएसचा आतला कोड एकत्र ठेवू लागल्या आहेत. फ्लटरही चालतं. एखादं छोटं अ‍ॅप खरंच बाजारात आण, दहा माणसांनी वापरलं तरी चालेल. मुलाखतीत त्यावरच बोलणं होतं. परीक्षेचे गुण इथे फार कोणी विचारत नाही.

ओवी
आणि भाषा शीक. ऑफिसात इंग्रजी चालतं, पण डॉक्टर, घरमालक, मुलाची शाळा, सरकारी पत्रं यांत नाही. जर्मनीला जायचं असेल तर बी१ म्हणजे मधल्या पातळीपर्यंत तरी जर्मन इथूनच करून जा. पुण्या-नाशकात वर्ग आहेत. हिवाळ्याचं म्हणशील तर फिनलंडात डिसेंबरात दुपारी तीनला अंधार होतो, त्याची सवय शिकवणारा वर्ग मात्र कुठे नाही.

रोखठोक
मुलांना उगीच पंख लावू नका. गेल्या दोन-तीन वर्षांत तिकडे नवख्यांची भरती फार आटली आहे. आमच्या ग्राहकांकडेही नवी माणसं घेणं थांबलंय, आहेत त्यांच्याकडूनच एआयच्या मदतीनं काम होतं. द्राक्षबाग, आधी इथे दोन वर्षं चांगल्या टीममध्ये काम कर. जर्मनीत नोव्हेंबर २०२३ पासून पदवी नसली तरी अनुभवावर आयटीतल्या माणसाला ब्लू कार्ड (राहण्या-कामाचा परवाना) मिळू शकतं, म्हणजे तिथे अनुभवाला वजन आहे.

द्राक्षबाग
धन्यवाद सगळ्यांना. रोखठोक काका, तुमचा सल्ला घरी दाखवला, वडिलांना एकदम पटला.

जमाखर्च
मूळ मुद्द्याचा दुसरा भाग कुणी घेतलाच नाही, मोठी झाली की विकली जाते हा. लंडनमध्ये याच व्यवहारांचे हिशेब बघतो म्हणून लिहितो.

यादी लांब आहे. स्काइपचा कोड टॅलिनमध्ये लिहिला गेला, २००५ मध्ये ईबेनं घेतलं, २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ८५० कोटी डॉलरला, आणि मे २०२५ मध्ये बंद केलं. शझाम २०१८ मध्ये अ‍ॅपलकडे गेलं. किंग अ‍ॅक्टिव्हिजनकडे, ५९० कोटी डॉलर. हेलसिंकीचं घरपोच जेवणाचं वोल्ट अमेरिकेच्या डोअरडॅशकडे. रोवियो २०२३ मध्ये जपानच्या सेगाकडे. खेळ बनवायचं युनिटी हे इंजिन कोपनहेगनमध्ये २००४ ला जन्मलं, पण मुख्यालय सॅन फ्रान्सिस्कोला गेलं. ज्या विकल्या गेल्या नाहीत त्या शेअर बाजारात उतरायला न्यूयॉर्कला जातात. स्पॉटिफाय २०१८ मध्ये, हप्त्यांनी पैसे भरायची सोय देणारी क्लार्ना सप्टेंबर २०२५ मध्ये.

कारण साधं आहे. सुरुवातीचे दहा-वीस लाख युरो इथे मिळतात. पुढचे पाचशे लाख, हजार लाख लागतात तेव्हा देणारे बहुतेक अमेरिकन असतात. युरोपातली बचत प्रचंड आहे, पण ती बँकेत आणि रोख्यांत पडून असते. पेन्शन फंड नव्या कंपन्यांत हात घालत नाहीत.

पण मुळशीकर, विकणं म्हणजे नुकसानच असं मी मानत नाही. स्काइपच्या विक्रीतून आलेला पैसा आणि माणसं परत कामाला लागली. परदेशी पैसे पाठवून देणाऱ्या वाइजच्या दोन संस्थापकांपैकी एक स्काइपचा पहिला कर्मचारी. स्काइपच्या एका संस्थापकानं लंडनमध्ये अ‍ॅटोमिको हा गुंतवणूक फंड काढला. टॅलिनसारख्या छोट्या शहरातून त्यानंतर बोल्ट निघाली. आणि उलट दिशाही आहे. मिलानची बेंडिंग स्पून्स ही कंपनी अमेरिकेचं नोंदी ठेवायचं एव्हरनोट आणि भेटीगाठी जुळवायचं मीटअप विकत घेऊन बसली आहे.

सायकलस्वार
जमाखर्च, बेंडिंग स्पून्सचं उदाहरण देताना दुसरी बाजूही सांगा. त्यांनी २०२४ मध्ये आमच्या अ‍ॅमस्टरडॅमचं मोठ्या फाइली पाठवायचं वीट्रान्स्फर घेतलं आणि लगेच बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी पाठवायचं ठरवलं. २०२५ मध्ये पॉट्सडॅमचं कोमूट घेतलं, तिथेही तेच. सायकलवाल्यांसाठी कोमूट म्हणजे घरचं अ‍ॅप, लोकांनी वर्षानुवर्षं आपापले रस्ते, फोटो त्यात टाकले. तो ठेवा लोकांचा होता. मालक युरोपचा असला म्हणून तो आपोआप चांगला ठरत नाही.

जमाखर्च
मान्य. हिशेबात माणसं एका ओळीत संपतात, ते बरोबर नाही.

लाल_डबा
इतका वेळ टंगळमंगळ केली, आता एक खरा प्रश्न. ते डीएमए आल्यावर आयफोनवर दुसरी दुकानं येणार होती ना? आली का?

मुळशीकर
आली. ७ मार्च २०२४ ही तारीख होती. अ‍ॅपलनं आयओएस १७.४ मध्ये युरोपीय संघापुरती दुसऱ्या दुकानांना परवानगी दिली. एप्रिलमध्ये आल्टस्टोअर पाल आलं, ऑगस्टमध्ये एपिकचं दुकान. मी स्वतः आल्टस्टोअर वापरतो.

पण अटी अशा घातल्या की छोट्यांनी फिरकूच नये. सुरुवातीला दहा लाख इन्स्टॉलच्या वर गेलात की दर वर्षी प्रत्येकाच्या पहिल्या इन्स्टॉलमागे अर्धा युरो होता. फुकट अ‍ॅप तेव्हा अचानक लोकप्रिय झालं असतं तर बनवणारा बुडालाच असता. दुसरं दुकान बसवताना इशाऱ्याचे इतके पडदे होते, की साधा माणूस मागे फिरायचा. त्याच वेळी अ‍ॅपल होम स्क्रीनवरची वेब अ‍ॅप्स युरोपात बंद करायला निघालं होतं, ओरड झाली आणि १ मार्चला माघार घेतली. पुढे एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगानं ५० कोटी युरोंचा दंड ठोठावला, कारण अ‍ॅप बनवणाऱ्याला 'बाहेर स्वस्त मिळेल' एवढं मोकळेपणानं सांगू देत नव्हते. स्पॉटिफायनं २०१९ मध्ये केलेल्या तक्रारीवरून १८० कोटींचा दंड मार्च २०२४ मध्ये झाला होता, तोही याच स्वरूपाचा. तक्रार ते निकाल, पाच वर्षं. स्पॉटिफाय टिकलं. छोटी कंपनी टिकली नसती.

तांबडीमाती
मला दुसऱ्या दुकानांचा अजून काही उपयोग झालेला नाही. माझे ग्राहक तिथे नाहीत.

स्पर्शवाचक
बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. मी छत्रपती संभाजीनगरचा. दृष्टिहीन आहे, फोन टॉकबॅकवर (पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय) चालवतो.

रोखठोक यांनी अ‍ॅक्सेसिबिलिटी कायदा नुसता यादीत टाकून दिला. तो २८ जून २०२५ पासून युरोपीय संघात लागू झालाय. बँका, ऑनलाईन खरेदी, प्रवासाची तिकिटं, ई-पुस्तकं यांच्या अ‍ॅप्सना तो लागतो. सेवा देणाऱ्या अगदी छोट्या कंपन्यांना सूट आहे, म्हणजे दहापेक्षा कमी माणसं आणि वीस लाख युरोंपर्यंत उलाढाल.

तुम्हाला तो तक्ता वाटतो. मला काय वाटतं ते सांगतो. मी एक प्रवासाचं अ‍ॅप वापरत होतो. तिकीट काढताना फोन म्हणायचा, 'बटण. बटण. बटण. लेबल नसलेलं बटण.' त्यातलं कुठलं 'पुढे' आणि कुठलं 'रद्द' ते मला कळायचं नाही, आसनांचा नकाशा तर मुका. दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागायची, आणि माझा पासवर्ड त्यांच्यासमोर बोलावा लागायचा. ते अ‍ॅप युरोपातही चालतं. यंदाच्या एका अपडेटनंतर ते बोलू लागलं. 'खिडकीजवळचं आसन, १२ ए, उपलब्ध.' मी परवा स्वतः तिकीट काढलं, पैसेही स्वतः भरले. कायदा तिकडचा, पण अ‍ॅप एकच असतं, म्हणून त्याचा फायदा मला इथे मिळाला.

रोखठोक साहेब, तुमच्या टीमनं त्यासाठी काही महिने दिले असतील तर मी त्यांचा आभारी आहे.

रोखठोक
स्पर्शवाचक, तुमचा प्रतिसाद आमच्या टीमच्या ग्रुपवर टाकलाय. ज्या मुलीनं आमच्याकडे शेकडो लेबलं बसवली तिला दाखवला. त्या मुलीला आजवर यासाठी कुणी आभार मानले नव्हते. या कायद्याबद्दल माझी तक्रार नाही. बाकीच्यांबद्दल आहे आणि राहील.

टेस्टर_ताई
स्पर्शवाचक, तुम्ही टेस्टिंग करता का? व्यक्तिगत निरोप पाठवते. आम्ही डोळ्यांवर पट्टी बांधून टॉकबॅक तपासतो, त्यापेक्षा रोज वापरणारा माणूस कितीतरी जास्त शोधेल.

स्पर्शवाचक
अवश्य पाठवा. आवडेल.

मुळशीकर
मूळ प्रश्नाकडे येतो. इटलीचे माजी पंतप्रधान मारिओ द्रागी यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपच्या स्पर्धाक्षमतेवर अहवाल दिला होता. पुढे २०२५ मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा एक अंदाज मांडला. युरोपीय संघातल्या देशादेशांमधले अडथळे म्हणजे आपसातल्या मालावर ४५ टक्के आणि सेवांवर ११० टक्के आयातकर लावल्यासारखे आहेत. अ‍ॅप ही सेवाच. म्हणजे बर्लिनमधला माणूस वॉर्सातल्या माणसाला अ‍ॅप विकतो तेव्हा दुपटीहून जास्त जड होऊन ते पोचतं.

कंपनी काढणंच बघा. जर्मनीत जीएमबीएच (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढायची तर २५ हजार युरोंचं भांडवल, नोटरीकडून सगळा करार मोठ्यानं वाचून घेणं. एस्टोनियात ई-रेसिडेन्सीवर (सरकारी डिजिटल ओळख) परदेशात बसूनही ऑनलाईन होते. आता आयोग 'अठ्ठाविसावी व्यवस्था' आणू म्हणतोय, म्हणजे २७ देशांच्या कायद्यांपलीकडे एकच कंपनी कायदा, ज्याला हवा त्यानं निवडावा. मला जीडीपीआर रद्द होण्यापेक्षा हे व्हायला हवंय.

जमाखर्च
कंपनी कायदा एक झाला तरी कर आणि कामगार कायदे देशांकडेच राहणार. त्याशिवाय गुंतवणूकदाराचा फरक पडणार नाही. पण सुरुवात म्हणून चांगलं.

तांबडीमाती
हा धागा वाचून मी माझ्यापुरतं ठरवलं. सगळ्या २७ देशांत अ‍ॅप दिसतं तसं दिसू दे, पण लक्ष तीनच बाजारांवर द्यायचं. पोर्तुगाल, जर्मनी आणि पोलंड. पोलंड यासाठी, की तिथून जाहिरात न करताच डाउनलोड येतात आणि बिचारे इंग्रजीतच वापरतात. पुढच्या आवृत्तीत पोलिश करते. आणि माझी कंपनी सूट मिळण्याइतकी छोटी असली तरी टॉकबॅकची लेबलं आधी बसवते.

टेस्टर_ताई
तांबडीमाती, पोलिशचे शब्द तयार झाले की मला पाठव गं. १, ३, ५, १२, २२ आणि २५ एवढे आकडे टाकून तपासून देते.

लाल_डबा
२२ आधी तपासा!